अकरा मसाले आणि आईची मूठ



प्राचार्यांनी या पानावर निकाल, शिस्त किंवा वाचनाचे महत्त्व यांवर लिहावे अशी रीत आहे. या वेळी मी तळलेल्या कोंबडीच्या मसाल्याविषयी लिहीत आहे. ज्यांच्या घरी मांसाहार होत नाही त्यांनीही पान उलटू नये. हाच मसाला फ्लॉवरला आणि पनीरलाही चालतो, आणि मला जे सांगायचे आहे ते कोंबडीपुरते नाही.

केएफसीचे नाव आपल्या मुलांना सांगावे लागत नाही. भारतात त्यांचे पहिले दुकान 1995 साली बंगळूरला उघडले. त्यावर ज्यांचे चित्र असते ते हार्लंड सँडर्स 1890 साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात जन्मले. पुढे केंटकी राज्यातील कॉर्बिन या गावी पेट्रोल पंप चालवताना ते वाटसरूंना जेवण देऊ लागले. ‘कर्नल’ ही पदवी सैन्यातली नाही. ती त्या राज्याच्या गव्हर्नरांनी 1935 साली दिलेला मान आहे. 1940 साली त्यांनी आपली ‘अकरा मसाल्यांची’ कृती पक्की केली. पुढे नवा महामार्ग गावाबाहेरून गेला, धंदा बसला, आणि पासष्टी ओलांडल्यावर हे गृहस्थ आपली कृती घेऊन गावोगावच्या उपाहारगृहांचे दरवाजे ठोठावू लागले. 1964 साली त्यांनी कंपनी वीस लाख डॉलरला विकली.

ही कृती तिजोरीत ठेवलेली आहे. मसाल्याचा अर्धा भाग एक पुरवठादार तयार करतो आणि अर्धा दुसरा, म्हणजे पूर्ण कृती कोणा एकाच्या हाती लागू नये. तरी 2016 साली ‘शिकागो ट्रिब्यून’ या वर्तमानपत्राने एक हस्तलिखित कागद छापला. सँडर्स यांच्या भाच्याने तो कौटुंबिक चोपडीतून दाखवला होता. दोन कप मैद्याला अकरा जिन्नस. कंपनीने ही कृती आपली नाही असे सांगितले. खरे-खोटे तिजोरीलाच ठाऊक, पण घरी करून पाहण्यासारखा कागद आहे खरा.

त्यातील मापे मोठ्या चमच्याची धरतात ती अशी: मीठ 2/3, थाइम 1/2, बेसिल 1/2, ओरेगॅनो 1/3, सेलरी सॉल्ट 1, काळी मिरी 1, मोहरीची पूड 1, पॅप्रिका 4, गार्लिक सॉल्ट 2, सुंठ 1, पांढरी मिरी 3. सहावीच्या मुलांनी बेरीज करून पाहावी. उत्तर अपूर्णांकात येत नाही, बरोबर 15 येते. दोन कप मैदा म्हणजे 32 मोठे चमचे. म्हणजे मैद्याच्या जवळजवळ निम्मा मसाला! आपण भज्यांच्या पिठातही इतका घालत नाही.

माझे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले, म्हणून यादी वाचताना मला एक गंमत दिसली. हिंदीत हे तिन्ही ‘मिर्च’च: लाल मिर्च, काली मिर्च, सफेद मिर्च. मराठीने मिरची आणि मिरी असे दोन वेगळे शब्द ठेवले, आणि वनस्पतिशास्त्र मराठीच्या बाजूने आहे. काळी आणि पांढरी मिरी एकाच वेलीची. पांढरीचे वरचे साल काढलेले असते. लाल मिरचीचे झाड निराळे, तिचा तिखटपणाही निराळ्या द्रव्याचा. बेसिल म्हणजे आपली तुळस नव्हे. ज्याचे बी फालुद्यात घालतात त्या सब्जाचा तो पाला.

हे सगळे घेऊन मी इंदूरच्या सियागंजात गेलो. पॅप्रिकाऐवजी काश्मिरी मिरची घेतली, कारण येथे काम रंगाचे आहे, तिखटाचे नाही. गार्लिक सॉल्ट म्हणजे साधारण एक भाग लसणाची पूड आणि तीन भाग मीठ, हे घरीच मिसळले. मग तीन रविवार आमच्या स्वयंपाकघरात प्रयोग चालला. शास्त्राच्या तासाला सांगतो तसेच केले: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एका वाडग्यात सगळे अकरा, दुसऱ्यात पांढरी मिरी नाही, तिसऱ्यात बेसिल नाही. ताकात मुरवलेले तुकडे घोळवून तळले आणि मुलगी व पुतण्या यांना डोळे मिटून चाखायला दिले. बेसिल नसल्याचे कोणालाही कळले नाही. पांढरी मिरी नसल्याचे पहिल्याच घासाला कळले. चौथ्या वाडग्यात चिमूटभर अजिनोमोटो घातले, तेव्हा दोघेही म्हणाले, “हेच ते!” त्या वर्तमानपत्रालाही हाच अनुभव आला होता. ही चव 1908 साली जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्रशैवालातून वेगळी काढली होती. पिकलेल्या टोमॅटोतही ती असते.

एक गोष्ट मात्र घरी करू नये. सँडर्स दाबाखाली तळत असत, आणि त्यासाठी आता खास यंत्रे असतात. आपल्या कुकरमध्ये तेल तापवून झाकण लावणे जिवावर बेतू शकते. उघडी कढई, मध्यम आच आणि मोठे माणूस जवळ, एवढे पुरे.

हे सर्व माझी आई पाहत होती. ती 82 वर्षांची आहे. म्हणाली, “त्या साहेबाची पुडी शोधायला तराजू काढलास. माझ्या काळ्या मसाल्याला कधी काढला नाहीस.” तिला माप विचारले की ती ‘हाताला कळतं’ एवढेच सांगत आली आहे.

म्हणून मसाला करायच्या दिवशी तोच तराजू तिच्यापुढे ठेवला. तिने मूठ भरायची, तराजूत टाकायची, मी लिहायचे, मग ती कढईत. धण्याच्या सात मुठी झाल्या. सर्वांत लहान 27 ग्रॅम, सर्वांत मोठी 30. तिचे हात आता थरथरतात, तरी फरक तीनच ग्रॅमचा! ‘हाताला कळतं’ हे उत्तर टाळण्यासाठी नव्हते, ते अचूक माप होते. खोबरे, तीळ, दगडफूल, नागकेसर, सगळे उतरवून घेतले. भाजण्याची वेळ घड्याळाने लिहिली, पण ‘वास फिरला की काढ’ हे तिचे वाक्यही तसेच लिहिले, कारण वास फिरणे मिनिटांत सांगता येत नाही.

केएफसीची कृती कोणाला कळू नये म्हणून तिजोरीत आहे. आपल्या घरांतल्या कृती कोणी लपवलेल्या नाहीत, फक्त कुठे लिहिलेल्या नाहीत. आपल्या पूर्वजांना माळव्यात येऊन पिढ्या लोटल्या. त्यांचे मसाले, मेतकूट, लोणची हातातून हातात येथवर आली आहेत. मधला एक हात सुटला की पुढे काही उरत नाही.

तेव्हा या सुट्टीत इयत्ता सहावी ते नववीच्या प्रत्येकाने आजी, आई किंवा काकूंकडून एक कृती वजन करून लिहून आणावी. जिन्नसांची नावे त्या ज्या शब्दांत सांगतात त्याच शब्दांत लिहावीत, मराठीत. शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत. सर्व पानांची वही बांधून आपल्या ग्रंथालयात ठेवू. ती कपाटात राहील, पण कुलपाशिवाय.