पिशवीतलं यंत्र आणि दारातलं यंत्र

बालमित्रांनो, आज तुम्हाला एक कोडं घालतो. विमानतळावर प्रत्येकाला धातू शोधणाऱ्या यंत्राच्या चौकटीतून जावं लागतं. आता असंच धातू शोधणारं यंत्र एखाद्या प्रवाशाच्या पिशवीतच निघालं तर? हसू नका! दोन वर्षांपूर्वी तो प्रवासी मीच होतो.

झालं असं. आमचं गाव कडेगाव. कराडहून विट्याला जाताना वाटेत लागतं ते. मोहरमच्या उंच उंच ताबुतांच्या भेटी बघायला जिथं लांबून माणसं येतात, तेच. आमच्या भागातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवून शुद्ध करणं. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा ही माणसं फेकू देत नाहीत, त्यातूनही सोन्याचे कण काढतात. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव इकडची ही मंडळी भारतभर पसरली आहेत.

माझे चुलते, तात्या, १९७२ च्या दुष्काळात असेच गाव सोडून गेले. तेव्हा ते जेमतेम पंधरा वर्षांचे होते. गाडीभाड्याला पैसे नव्हते. माझ्या आईने, म्हणजे त्यांच्या वहिनीने, माहेरची चांदीची जोडवी विकून त्यांना पैसे दिले. पुढे तात्यांनी पहिल्या कमाईतून आईसाठी एक सोन्याची अंगठी केली. नाजूक, साधी. ती आईच्या बोटातून कधी निघाली नाही.

आणि त्या वर्षी सोयाबीनची भांगलण करताना ती निघाली! वयानं आईची बोटं वाळलेली, अंगठी सैल झालेली. कधी घसरली, कळलंच नाही. आई संध्याकाळी बांधावर बसून म्हणाली, "आरं, आता तात्याला काय सांगू रं मी?"

आम्ही तण उपटून, ढेकळं फोडून शोधलं. काही उपयोग झाला नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी सहावीतली मनू हैदराबादला तात्यांकडे गेलो, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. तात्या रागावले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ओळखीच्या माणसाकडून धातुशोधक यंत्र आणलं आणि म्हणाले, "घेऊन जा. रानात नांगर लागायच्या आत बघा. एकदा नांगरट झाली की अंगठी कुठं खोल जाईल, सांगता येत नाही." ट्रॅक्टर तीन दिवसांनी येणार होता. म्हणून आगगाडीऐवजी पुण्यापर्यंत विमानाची तिकिटं काढली. माझा आणि मनूचा पहिलाच विमानप्रवास!

यंत्र म्हणजे तीन तुकड्यांची दांडी, टोकाला ताटाएवढी चकती आणि वर एक डबी. खाली द्यायच्या सामानात चकती आदळेल म्हणून आम्ही ते हातातल्या पिशवीत घेतलं. तात्यांच्या दुकानातले एक गृहस्थ कानाशी येऊन म्हणाले, "कपड्यात गुंडाळा. विचारलंच तर सांगा, पोरीच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाचं आहे. नाहीतर सतरा प्रश्न विचारतील." मला ते पटलं. खोटं कशाला सांगू, मला खरंच पटलं!

विमानतळावर पिशवी क्ष-किरण यंत्रात गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर दांडी, चकती, तारा, बॅटरी असं सगळं स्वच्छ दिसत होतं. कपड्यांचा काही उपयोग नव्हता. जवानाने पिशवी बाजूला घेतली आणि हिंदीत विचारलं, "हे काय आहे?"

मी सुरुवात केली, "ते... शाळेचं..." तेवढ्यात माझी नजर मनूकडे गेली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. नुसती बघत होती, काही बोलली नाही. पण मुलांनो, त्या बघण्यापुढे माझी जीभच अडखळली. घरी हिला 'खरं बोल' म्हणून सांगणारा बाप मीच ना?

मी म्हटलं, "साहेब, हे धातू शोधायचं यंत्र आहे. माझ्या आईची अंगठी शेतात हरवलीय." आणि सगळी गोष्ट सांगितली. जवानाने त्यांच्या अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यांनी कोणाचं यंत्र, कुठं नेता, बॅटरी कसली, असं एकेक विचारलं. आवाज चढला नाही, की कोणी आम्हाला चोर ठरवलं नाही. शेवटी ते म्हणाले, "वस्तू धोक्याची नाही. पण ही लांब दांडी विमानात हाताशी ठेवता येणार नाही. खाली द्यायच्या सामानात टाका." तात्यांनी आम्हाला लवकर घराबाहेर काढलं होतं, म्हणून परत जाऊन सामान द्यायला वेळ मिळाला. चकतीभोवती माझा स्वेटर गुंडाळला. जादा लिथियम बॅटऱ्या मात्र काढून हातातल्या पिशवीत ठेवल्या. हे तुम्हीही लक्षात ठेवा. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक खालच्या सामानात द्यायच्या नसतात. त्या पेटल्या तर तिथं कोणाला लगेच दिसत नाही. आणि एखादी वस्तू हाताशी ठेवायची की नाही, यात शेवटचा शब्द तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांचा असतो.

विमानात मनूने विचारलं, "पप्पा, दारातलं यंत्र आणि आपलं यंत्र एकच का?" मी सांगितलं, "तत्त्व एकच." यंत्रातल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलती वीज वाहते, म्हणून भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जवळ धातू आला की त्यातही विजेचे छोटे भोवरे उठतात. ते यंत्राला जाणवतात आणि ते ओरडतं, 'कुँई!' सोनं चुंबकाला चिकटत नाही, तरी सापडतं ते यामुळेच. पण यंत्र एवढंच सांगतं, की इथं धातू आहे. तो खिळा की अंगठी, हे माणसानेच बघायचं.

टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये असंच यंत्र बनवलं होतं. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली होती आणि ती शरीरात कुठं आहे, ते शोधायचं होतं. पण गादीतल्या लोखंडी तारांनी घोटाळा केला. शिवाय गोळी उजव्या बाजूलाच आहे, असं डॉक्टरांनी आधीच ठरवून टाकलेलं! त्यांनी तेवढीच बाजू तपासू दिली. गोळी होती डावीकडे. गारफिल्ड वाचले नाहीत.

कडेगावला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच रानात गेलो. बांधावर ही गर्दी! "गुप्तधन काढायला मिशिन आणलंय म्हणं!" मी हात जोडून सांगितलं, बाबांनो, अंगठी शोधतोय. आणि खरंच कुणाला जमिनीत पुरलेला ठेवा सापडला, तर तो गुपचूप घरात नेता येत नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गडकिल्ल्यांवर तर असलं यंत्र घेऊन खणायला जाऊच नये.

पहिला दिवस गेला. खिळे निघाले, बैलाच्या पत्र्या निघाल्या, नटबोल्ट निघाले. सगळ्यात जास्त काय निघालं असेल? गुटख्याच्या चकचकीत पुड्या! त्यांच्यातल्या पातळ ॲल्युमिनियमचा आवाज नाजूक अंगठीसारखाच येतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझा धीर सुटला. बांधाजवळ पुन्हा 'कुँई' झालं. मी म्हटलं, "पुडीच असणार. चल पुढं."

मनू हलली नाही. म्हणाली, "पप्पा, विमानतळावर यंत्रात आपली पिशवी दिसल्यावर त्या काकांनी 'चोरच असणार' असं म्हटलं का? त्यांनी आधी विचारलं. पिशवी उघडून बघितली."

मी काय बोलणार? मुकाट्याने खुरपं घेतलं. चार बोटं माती काढली. पुडी नव्हती.

आईने अंगठी पदराने पुसली, पण बोटात घातली नाही. आधी म्हणाली, "तात्याला फोन लाव." तात्या फोनवर आले आणि बराच वेळ दोघंही काही बोलेनात.

ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

मुलांनो, तेव्हापासून मी एक गोष्ट धरून ठेवली आहे. यंत्र ओरडतं, तो आरोप नसतो, प्रश्न असतो. आपल्याला कोणी विचारलं, तर खरं उत्तर द्यावं. आणि विचारायची पाळी आपली असेल, तर आधी बघावं, मग बोलावं. वर्गात कुणाचं पेन हरवलं आणि कुणाकडे बोट दाखवावंसं वाटलं, तर आमच्या रानातली ती 'पुडी' आठवा बरं का!