पोटमाळ्याखालची हवा

जुने घर दुरुस्तीला घेतले की मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "एवढ्या उंचीचा उपयोग काय? खालून पीओपी मारून एसी बसवू या का?" वसईजवळच्या पापडीतल्या जुन्या घरांत याचे उत्तर पोटमाळ्यावर मिळते. वैशाखातल्या दुपारी शिडीने वर गेले की घाम फुटतो, खाली माजघरात मात्र लादी पायांना गार लागते. तापलेली हवा वर चढते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. म्हणूनच माळ्यावर भात, कांदे, नारळ कोरडे राहत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढल्यावर मंगळुरी कौले किनाऱ्यावर पसरली. त्याआधीच्या नळीच्या कौलांखालीही हवा अशीच खेळायची. पीओपीने ही वाट बंद केली की माळ्याचे लाकूड दमट राहते आणि वाळवीला आयते घर मिळते.

मी सर्वात आधी तपासतो ते तुळईचे भिंतीत शिरलेले टोक. हातोडीच्या दांड्याने मध्यावर ठोकले तर सागवान खणखणते, टोकाशी आवाज बद्द येतो. तिथे टोच्या लोण्यात गेल्यासारखा आत जातो. पण तेवढ्यासाठी अख्खी तुळई काढून लोखंडी गर्डर घालायची गरज नसते. खाली टेकू द्यायचे, कुजका भाग कापायचा, जुन्याच सागाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडून आरपार बोल्ट आवळायचे. भिंतीतल्या खोबणीत टोकाभोवती बोटभर जागा मोकळी ठेवायची. तिथे सिमेंट ठासले तर नवे टोकही कुजेल.

भिंतींचेही तेच. ओल जोत्यातून क्षार घेऊन वर चढते. चुन्याचा गिलावा तिला बाहेर पडू देतो; सिमेंटखाली ती कोंडते, लोणा लागतो, पोपडे सुटतात. १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतलेल्या वसईच्या किल्ल्यात चर्चच्या चुन्यातल्या भिंती आजही उभ्या आहेत. बहुतेक छपरे मात्र कधीच गेली.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. पावसाळ्याआधी कौले, मग लाकूड, आणि पाऊस उलटून भिंती सुकल्यावर चुना. चुना विरवून मुरवावा लागतो, पातळ थरांनी चढवावा लागतो, त्याला घाई चालत नाही. इतका धीर धरणाऱ्या मालकाला मी खात्रीने सांगतो, हे घर तुमच्या नातवंडांनाही पुरेल.