दाराआडचं कॅलेंडर

टिटवाळा म्हटलं की लोक गणपती विचारतात. अंगारकीला निम्मी मुंबई आमच्या स्टेशनात उतरते. आम्ही मांड्याच्या चाळीत राहतो. दहा बाय बाराची खोली. समोरच्या भिंतीवर बाबासाहेब, शेजारी बुद्ध, आणि दाराआड, आत येणाऱ्याला दिसू नये अशा जागी, येशूचं एक कॅलेंडर. ते तिथं मी लावलं. आधी तेही समोर होतं.

कॅलेंडर आज्जा-आज्जीचं. आईचे आईबाप. आज्जा कल्याणच्या लोकोशेडमधून खलाशी म्हणून रिटायर झाला. दोघं निपाणीकडची, महारवाड्यातली, ख्रिस्ती. माझा बाप बौद्ध. आईचं लग्न विहारात लागलं तेव्हा आज्जा मागच्या सतरंजीवर गप बसून होता म्हणे. बाप गेल्यावर आम्ही सगळे एका खोलीत आलो. मी भिवंडीच्या एका कापड गिरणीत रंगाईखात्यात आहे. शाळा दहावीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण लोकलमध्ये, दाराला उभं राहून.

एकदा आमच्या पोरांची बैठक स्टेशनबाहेर टपरीवर बसली होती. मी तावातावानं बोलत होतो. आपलं धर्मांतर विचाराचं, मिशनच्या लापशीला बाटले ते वेगळे. तेवढ्यात माझा विसरलेला डबा घेऊन आज्जा आला. एकानं विचारलं, हे कोण? मी म्हटलं, "आमच्या चाळीतले आहेत." आज्जानं डबा बाकड्यावर ठेवला. "जयभीम पोरांनो" म्हणाला आणि गेला.

घरी त्यानं तो विषय काढलाच नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दर डिसेंबरात ही दोघं गावाकडं जातात. आज्जाची बहीण आहे, भाचे आहेत, आणि देवळातली मंडळी. ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. नाताळ करून जानेवारीत परत. गाव आता कर्नाटकात. 2020 आणि 2021 चे नाताळ चुकले. करोनात कोगनोळीच्या नाक्यावर रिपोर्ट मागत होते. घशात काडी घालून गावाला जायचं आज्जीला पटेना. 2022 ला आज्जा म्हणाला, औंदा जायाचंच. आज्जीचे गुडघे गेलेले. आई मला म्हणाली, तू सोडून ये.

तारीख निघाली 6 डिसेंबर. मी उखडलो. त्या दिवशी मी दुसरीकडं जाईन? शेवटी असं ठरलं, सकाळी चैत्यभूमी, रात्री कल्याणहून महालक्ष्मी एक्स्प्रेस. दादरहून पुस्तकांचं गाठोडं घेऊन तसाच कल्याणला आलो. छातीवर बाबासाहेबांचा बिल्ला तसाच.

गाडीत बातमी कळली. बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली होती. एसटीच्या गाड्या बंद. मी म्हटलं, पुण्याला उतरून माघारी फिरू. आज्जी म्हणाली, "दगडं काय आपल्याला नवी हाईत व्हय रं?"

त्या रात्री आज्जाला झोप नव्हती. तो चौदा वर्षांचा होता तेव्हाचं सांगत होता. मी बोटांवर हिशेब केला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं बांधली आणि निपाणी, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. मधे अठरा दिवस. आणि पुढच्याच महिन्यात बाबासाहेब गेले. पुढं आज्जाच्या वाड्यातली निम्मी घरं बौद्ध झाली, निम्मी ख्रिस्ती राहिली. चुलत्यानं येशूची तसबीर उतरवली, बापानं ठेवली. विहीर दोघांची एकच. सीमेवर सगळे बोलतात. महाजन आयोगाचा अहवाल आला, 2004 ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. आमच्या वाड्यातल्या रेघेसाठी कोण कोर्टात गेलंय?

"तुमचा बाप किरिस्ताव झालाच कशाला?" मी विचारलं. आवाज चढाच होता.

आज्जा म्हणाला, "त्येच्या बापाचा पाय सडला हुता. बैलगाडीत घालून मिरजंच्या मिशन दवाखान्यात नेला. गावात आमची सावली चालत न्हवती. तितं गोऱ्या डागदरानं सोताच्या हातानं जखम धुतली. लापशी न्हवती रं तितं."

म्हणजे टपरीवरचं सगळं त्यानं ऐकलं होतं.

कोल्हापुरातून वडापनं कागल. पुढं वडापवाला दूधगंगेच्या पुलाच्या अलीकडंच थांबला, तिकडं गाडी नेत नाही म्हणाला. पुलावर दोन्हीकडं पोलीस. आज्जीला मी पाठुंगळी घेतलं. आज्जा पुढं, डोक्यावर पिशवी, पिशवीत भावकीला द्यायच्या साड्या. पलीकडच्या पोलिसानं कानडीत काही विचारलं. आज्जा फडाफडा कानडीत बोलला आणि त्यानं सोडलं. मी बघतच राहिलो. आज्जी पाठीवरनं म्हणाली, "देवाला बी दोन्ही येतं."

गावात देवळाच्या पायरीवर आठ-दहा म्हातारी माणसं बसलेली. बायकांची बोटं तंबाखूनं काळी पडलेली. आज्जा त्यांच्या गळ्यात पडला. मग माझा हात धरून पुढं केला. "ह्यो माझा नातू. जयभीमवाला हाय. गिरणीत कामाला हाय आणि कविता लिव्हतो."

मला त्या पायरीवर उभं राहवेना.

रात्री वाद झालाच. मी म्हटलं, 1938 ला सोलापुरात बाबासाहेबांनी ख्रिस्ती लोकांना सुनावलं होतं, हक्कासाठी भांडत नाही म्हणून. आज्जाचा सोबती, वखारीत हमाली केलेला म्हातारा, म्हणाला, "खरं हाय. न्हाई भांडलो. वर मिळंल म्हणत्यात, म्हणून गप ऱ्हायलो. आणि देवळात तरी काय, म्हारं एका अंगाला, मांगं एका अंगाला. प्याला आदी कुणाच्या वठाला, ह्यावर तंटं."

त्याचा नातू बारावीला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, तुझा दाखला बघू." मोबाइलात होता. अनुसूचित जाती, नवबौद्ध. त्यानं तो बोटानं मोठा करून वाचला. 10 ऑगस्ट 1950 च्या आदेशात अनुसूचित जातीला हिंदू असण्याची अट घातली. शीख 1956 ला आत आले, बौद्ध 1990 ला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेर. त्या पोराकडं मागासवर्गाचा दाखला आहे, पण महाराचा नाही. गावात मात्र त्याला महारच म्हणतात.

"तुझा पणजा आणि माझा पणजा एकाच वाड्यातलं न्हवं?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

दोघांना तिथं सोडून मी माघारी आलो. गिरणीत तीन खाडे पडले, पगार कापला गेला. जानेवारीत ती दोघं शेंगांचं पोतं घेऊन टिटवाळ्याला उतरली. घरात शिरताच आज्जानं दाराआड बघितलं. कॅलेंडर तिथं नव्हतं. नव्या सालाचं आणून मी समोर लावलं होतं. तो काही बोलला नाही. आज्जी म्हणाली, खिळा वाकडा मारलायस.

टपरीवरची गोष्ट पोरांना मी अजून सांगितलेली नाही. आधी इथं लिहिली. रविवारची बैठक आमच्या खोलीवर ठेवली आहे. आज्जालाही बस म्हटलंय. तो म्हणतो, चाळीतला म्हणून बसू का?