बाबांच्या ‘उपयोग काय?’ला उत्तर

भांडगाव, ता. दौंड

चि. ताई,


डीएनए-दुरुस्तीवर पीएच.डी. करायची म्हणतेस, आणि बाबा विचारतात, याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे, फक्त तो फार लवकर विचारला जातोय. या विषयात उपयोग आधी दिसत नाही. प्रश्न नेमका असेल तर उपयोग मागाहून येतो, आणि बऱ्याचदा भलत्याच कुणाच्या हाती लागतो. नोबेल मिळालेल्या टोमास लिंडालचं बघ. डीएनए हा अत्यंत टिकाऊ रेणू, अशी १९६०च्या दशकात समजूत होती. लिंडालने मोजून दाखवलं की माणसाच्या एकेका पेशीत तो रोज हजारो ठिकाणी आपसूक बिघडतो. पाणी आणि शरीराची ऊब एवढ्यानेही सायटोसिन या डीएनएतल्या अक्षराचं युरासिल होतं. म्हणजे दुरुस्ती करणारं काहीतरी पेशीत असलंच पाहिजे, या तर्काने त्याने १९७४ साली ई. कोलाय जिवाणूत युरासिल कापून काढणारं विकर शोधलं. पुढे त्याने पार्प नावाच्या विकरावरही काम केलं. दुरुस्तीतलंच बीआरसीए जनुक बिघडलेल्या पेशींत हे पार्प अडवलं की त्या मरतात, हे २००५ साली वेगळ्याच दोन गटांनी दाखवलं, आणि २०१४ साली त्या तत्त्वावरचं ओलापारिब हे औषध अंडाशयाच्या कर्करोगावर मंजूर झालं. ते रामबाण नाही. कर्कपेशी त्यावरही पळवाट काढतात. पण पहिल्या विकरापासून औषधापर्यंत चाळीस वर्षं गेली. १९७४ साली बाबांनी लिंडालला उपयोग विचारला असता, तर तो काय सांगणार होता?

बाबा म्हणतील, नोबेल मिळालेली माणसं वेचून दाखवणं सोपं असतं. खरं आहे. म्हणून आपल्या तुर्भ्याचं उदाहरण घे. गॅमा किरण सोडूनही डब्यातलं मांस नासलं, तेव्हा १९५६ साली अमेरिकेत डायनोकोकस रेडिओड्युरान्स हा जिवाणू सापडला. माणूस पाच ग्रे किरणोत्साराने बहुधा मरतो, हा पाच हजार ग्रे पचवतो. जेलवर त्याचा डीएनए चालवला तर मारा झाल्याबरोबर ठळक पट्ट्या जाऊन नुसता पसरट डाग उरतो. काही तासांनी घेतलेल्या नमुन्यात त्याच पट्ट्या पुन्हा जागच्या जागी. हे तो कसं साधतो, याचा शोध तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हरी मिश्रा यांच्या गटाने वर्षानुवर्षं घेतला. तिथल्याच श्रीकुमार आपटे यांच्या गटाने या जिवाणूत साल्मोनेलाचं एक जनुक घातलं आणि किरणोत्सारातही पाण्यातलं युरेनियम साक्याच्या रूपाने खाली बसवून दाखवलं. त्यावरचा शोधनिबंध २००६चा. हे पगारी, नेमस्त, सरकारी नोकरीतलं काम आहे, वर्तमानपत्रात न येणारं. मला तरी करिअर म्हणून हेच जास्त पटतं.

पैशाचा मुद्दा मात्र उडवून लावता येत नाही. २०२३पासून जेआरएफला, म्हणजे सुरुवातीच्या संशोधन फेलोशिपला, महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. पाच-सहा वर्षं फेलोशिपच्या पैशावर काढायची, तोवर बरोबरच्या मैत्रिणी फार्मा कंपनीत पुढे गेलेल्या असतात. त्यानंतरही जागा मिळेलच असं नाही. याच विषयातला अझीझ संजार डॉक्टर होता, पीएच.डी. होता, तरी त्याला येल विद्यापीठात तंत्रज्ञ म्हणून राहावं लागलं. दुरुस्ती-विकरांचं मोठं काम त्याने त्याच जागेवर सुरू केलं हे खरं, पण म्हणून त्या जागेचं कौतुक करू नये. अशा अडचणीत कामच सोडून गेलेल्यांची नावं आपल्यापर्यंत पोचत नाहीत. तेव्हा माझा आग्रह विषयाबद्दल आहे, कुठल्याही प्रयोगशाळेत उडी मारण्याबद्दल नाही. ज्या गाइडला आपला प्रश्न दोन वाक्यांत सांगता येत नाही, त्याच्याकडे जाऊ नकोस. त्याच्या विद्यार्थ्यांना भेट. पदवीला किती वर्षं लागली, फेलोशिप वेळेवर येते का, अर्ध्यावर किती जण सोडून गेले, हे विचार, लाजू नकोस.

जेआरएफसाठीच्या नेट परीक्षेचा अर्ज या खेपेला भरच. आणि हे पत्र बाबांना वाचायला दे. शंका उरल्या तर त्यांनी मलाच लिहावं.

तुझा,
मामा