फाल्गुनातली पाने

९ मार्च २०२५, रविवार. गोंदिया

भाचीने मसुरीहून बुरांशाचे फोटो पाठवले. अख्खा उतार लालभडक. खाली प्रश्न : ‘मामा, तुमच्याकडे असं काही असतं का?’ बुरांश हा उत्तराखंडचा राज्यवृक्ष. त्याला डोंगरातली थंडी लागते, आमच्या धानपट्ट्यात तो जगायचा नाही. तिला कळवलं, पुढच्या फाल्गुनात ये, पळस दाखवतो.

संध्याकाळी सुभाष बागेत चक्कर मारली. फोटो काढणाऱ्यांची गर्दी बोगनवेलीपुढे. पळसाचं रोप विकत आणून बागेत लावणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. फुकट उगवणाऱ्या झाडाला आपल्याकडे मान नाही.

११ मार्च, मंगळवार. नवेगावबांध

बल्लारशाकडे जाणाऱ्या पॅसेंजरची खिडकी मिळाली. सौंदडच्या पुढे धानाच्या बांध्या कोरड्या पडलेल्या आणि धुऱ्याधुऱ्यावर पळस. अंगावर पान नाही, नुसतं केशरी. गुरं त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, तोडला तरी बुंध्यातून फुटतो. एवढ्या तोडीतही तो टिकला तो त्यामुळे.

उतरल्यावर एका झाडाखाली बराच वेळ थांबलो. काळपट मखमली देठ आणि पोपटाच्या चोचीसारखी वळलेली पाकळी. वास शून्य. गरजही नाही, कारण याचे गिऱ्हाईक पक्षी. साळुंक्या भांडत होत्या, सूर्यपक्षी मधाला लागला होता. चोच आत घातली की परागकण डोक्याला लागतात, ते पुढच्या फुलावर पोचतात.

तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं इथे सांगतात. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातली कित्येक वर्षं याच परिसरात काढली. यंदा त्यांना पद्मश्री जाहीर झाली. टेकडीवरच्या बागेत गेलो खरा, पण वाफ्यांकडे लक्षच लागेना. बघण्यासारखं सगळं कुंपणाबाहेर होतं.

मोहाखाली एक आजी टोपली घेऊन बसलेली. म्हणाली, “फुलं पाहून पोट भरते का बापू? मोह वेच.”

१२ मार्च, बुधवार

परतलो. पाय दुखतात. पळसाच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढतात. गोंदियात त्या लाखेपासून चपडा करणारे कारखाने होते. शोभेचं झाड म्हणून नाही, पण बाजाराने पळस ओळखला होता म्हणायचा. पत्रावळीलाही पानं त्याचीच.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

पिशवीभर फुलं आणली होती. रात्री उकळून पातेल्यात तशीच ठेवली. सकाळी पाणी पिवळं होतं. चिमूटभर चुना टाकताच गडद केशरी झालं. शेजारच्या पोराने हात बुडवून पाहिला आणि नाक मुरडलं : “काका, हा त धुतला का निघून जाते!” त्याने बाजारचा हिरवा पिचकारीत भरला आणि पहिली धार माझ्यावरच सोडली.