चौघांचं स्क्वॉड, मुक्काम कळंब

वर्ध्याहून रेल्वे कळंबला पोचली फेब्रुवारी २०२४ मध्ये. स्वस्त डेटा तिच्या कितीतरी आधी आला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं, २०१८ मध्ये पबजी मोबाइल आलं, आणि चिंतामणी गणपतीच्या या गावातल्या पोरांना त्या खेळातलं एरँगेल नावाचं बेट गल्लीइतकं पाठ झालं. त्यासाठी संगणक लागला नाही, महागडा कन्सोल लागला नाही. खिशातला मोबाइल पुरला.

साध्या सामन्यात शंभर जण विमानातून उड्या घेतात आणि शेवटी एकच स्क्वॉड उरतं. स्पर्धेची तऱ्हा वेगळी. सोळा टीम, प्रत्येकीत चौघं. कस्टम रूमचा आयडी-पासवर्ड ग्रुपवर पडला, की हेडफोनमध्ये गलका सुरू होतो.

"मांगून येऊन रायला बे, झाडामांगं हाये!"

"नॉक झालो, रिव्हाइव दे!"

खेळ कोरियन कंपनीचा, बोली अस्सल वऱ्हाडी.

दुरून बघणाऱ्याला यात नुसत्या गोळ्या दिसतात. खरा खेळ आयजीएलच्या डोक्यात चालतो. आयजीएल म्हणजे टीमचा कप्तान. झोन, म्हणजे खेळायची आकसत जाणारी सुरक्षित जागा, कुठे सरकेल, गाडी कुठे सोडायची, समोरच्या दोन टीम भिडल्या तर मध्ये पडायचं की टेकडी धरून बसायचं, हे त्यानं ठरवायचं आणि बाकी तिघांनी ऐकायचं. पहिल्या क्रमांकाला दहा गुण, प्रत्येक फिनिशला, म्हणजे बाद केलेल्या प्रत्येक गड्यामागे, एक. म्हणून एकटाच धावून मारणारा पोरगा कितीही तेज असला तरी टीमला पुरत नाही. कबड्डीत साखळी धरणाऱ्याला जे कळतं, तेच इथं कळावं लागतं. त्यात ऐन शेवटच्या झोनमध्ये लाइन जाते, वायफाय बंद पडतं आणि कुणाच्या तरी हॉटस्पॉटवर चौघांची इभ्रत येते.

अशा टीमला सर्वांत मोठा फटका दिल्लीहून बसला. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय म्हणून परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. शहरातल्या नामांकित टीमला पगार देणारी संस्था असते, ती तग धरते. तालुक्याच्या गावात तोवर एक जण पोलीस भरतीच्या मैदानावर गेलेला असतो, दुसरा पुण्याच्या कंपनीत. मोडलेली टीम पुन्हा जुळवणं अवघड असतं, आणि तरी ती जुळवली जाते. या पोरांचं मोल इथंच आहे.

अशा स्पर्धात्मक व्हिडिओ खेळांना, म्हणजे ई-स्पोर्ट्सला, गावाबाहेर मान मिळत गेला. भूजच्या तीर्थ मेहतानं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हार्थस्टोन या डिजिटल पत्त्यांच्या खेळात कांस्य मिळवलं. तेव्हा ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक खेळ होता. गोव्याचा जोनाथन अमराल बीजीएमआयमधलं मोठं नाव झाला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे सोपवलं. २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सला त्यापासून वेगळं काढून मान्यता दिली. जुगार आणि खेळ यांतला फरक कायद्याला कळला. घरोघरी तो अजून कळायचा आहे.

विदर्भात शंकरपट भरतो, कबड्डीचे सामने रात्रभर रंगतात, मंडळं त्यासाठी वर्गणी काढतात. त्याच मंडळांनी गणपतीतली एक संध्याकाळ या पोरांना द्यावी: पडदा, भरवशाचं वायफाय, जनरेटर आणि समोर बसायला गावकरी.