शेजारच्या आजोबांचं देणं

2008 साली मिशिगनमध्ये, अ‍ॅन आर्बरला शिकत असताना मी एक जुनी जपानी मोटारसायकल घेतली. 1982चं मॉडेल, चार सिलिंडर, चार कार्बोरेटर. साठवलेले सगळे पैसे तिच्यात गेले. हिवाळाभर ती झाकून ठेवली आणि एप्रिलात बाहेर काढली. स्टार्टर दाबणार एवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "थांब! हात लावू नकोस."

मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले टूलमेकर होते ते. तोवर आमची ओळख बर्फ काढताना मान हलवण्यापुरती. पेट्रोलचा वास त्यांच्या अंगणापर्यंत गेला होता. येऊन त्यांनी वाकून ऑइलची काच पाहिली. पातळी वरच्या खुणेच्याही वर चढली होती. भरायचं झाकण काढून त्यांनी माझ्या नाकापुढे धरलं. नुसतं पेट्रोल!

त्यांनी मला चारही प्लग काढायला लावले आणि पाना लावून इंजिन हातानं हळूहळू फिरवायला सांगितलं. एका प्लगच्या भोकातून पेट्रोल भळभळ वर आलं. पातळ पदार्थ दाबला जात नाही. मी बटण दाबलं असतं तर पिस्टन त्यावर आपटून कनेक्टिंग रॉड वाकला असता. माझी सारी पुंजी त्या एका हाकेनं वाचली.

दोष पेट्रोल कॉकचा होता. या कॉकला ऑन, रिझर्व्ह आणि प्राइम एवढंच, ऑफ नाहीच. इंजिन चालू झालं की एका सिलिंडरच्या इनटेकमधली ओढ बारीक रबरी नळीतून कॉकपर्यंत पोचते, आतला पडदा मागे खेचला जातो, त्याला जोडलेली ओ-रिंग जागेवरून उचलते आणि पेट्रोल सुटतं. इंजिन थांबलं की स्प्रिंग तिला परत दाबून बसवते. पडदाच फाटला तर टाकीतलं पेट्रोल त्याच नळीतून उलट सिलिंडरमध्ये उतरतं, तिथून रिंगांच्या फटीतून ऑइलमध्ये. कार्बोरेटरमधल्या फ्लोटला ते अडवता येत नाही, कारण ही वाट त्याला वळसा घालून जाते.

कॉकच्या दुरुस्तीचा नवा संच आला त्या दिवशी मला वाटलं, आजोबा पाच मिनिटांत बसवून देतील. (मनात मी त्यांना आजोबाच म्हणायचो, तोंडानं "सर".) ते बादली उपडी घालून तिच्यावर बसले आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. आमच्या घरी "हात काळे करू नकोस, अभ्यास कर" हेच ऐकत मी वाढलो. पंख्याचा कपॅसिटर बदलायलासुद्धा माणूस यायचा. पहिला स्क्रू काढताना माझा हात थरथरत होता. ते गप्प बसून होते. जुना पडदा काढून दिव्यासमोर धरला, तर त्या काळ्या रबरात सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. त्या टाचणीभर भोकानं एवढा घोळ घातला होता, यावर माझा विश्वास बसेना.

नवा पडदा बसवल्यावर त्यांनी स्वच्छ नळीचा तुकडा कापून कॉकला जोडला. "ओठात धर, ओढ, आणि जिभेनं तोंड बंद कर." जीभ नळीला चिकटून राहिली. दहा, वीस, तीस आकडे मोजले, तरी सुटेना. पडदा ओढ धरून होता. आजोबा हसले आणि पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला.

ऑइल दोनदा बदललं. प्राइमवर कार्बोरेटर भरून घेतले, कॉक ऑनवर आणला आणि मग बटण दाबलं. चारही सिलिंडर लागले.

त्यांनी पैसे घेतले नाहीत. मीही ते पुन्हा पुढे केले नाहीत. गाडी पुढे तीन वर्षं चालवली, आणि नंतर तिचं प्रत्येक काम मी स्वतःच्या हातांनी केलं.

जुनी कार्बोरेटरची गाडी महिनोन्‌महिने उभी असेल, तर आधी ऑइलची पातळी बघा आणि झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलचा वास आला, तर स्टार्टरला हात लावू नका.